एक गुंज कमी

"बाई, ह्यो तराजू खोटं बोलतोय," इरफान म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. कपडे वाळत घालायचा हँगर मी खिळ्याला अडकवला होता, दोन्ही टोकांना सुतळीनं करवंट्या बांधल्या होत्या. एका करवंटीत इरफानचा खोडरबर होता आणि दुसरी रिकामी. खाली गेली होती ती रिकामी.

"रिकामी बाजूच जड हाय," वैजू म्हणाली. "तिच्यात भूत बसलंय."

झालं. सगळी बालवाडी भूत बघायला करवंटीत डोकं घालायला लागली. मी सुतळी सोडली, परत बांधली, हँगर वाकवला, तरी ते ध्यान काही सरळ होईना. शिक्षिकांच्या शिबिरात दाखवलं होतं तेव्हा कसं झकास लटकत होतं. घरी आलं की सगळ्याच गोष्टींची अशी तऱ्हा होते.

दाराशी कॉटवर बसून माझे सासरे पेपर वाचत होते. म्हणजे पेपर तोंडासमोर होता, बाकी सगळं लक्ष आमच्याकडं. बालवाडी आमच्याच घराच्या बाहेरच्या सोप्यात भरायची, गारगोटीत, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. आम्ही पोतदार. सासऱ्यांनी जन्मभर सोनारकाम केलं, पण हात कापायला लागला तसं दुकान बंद केलं. माझे मालक कोल्हापुरात एका सोनाराकडं कामाला, रविवारचे तेवढे घरी. त्यामुळं आठवडाभर घरात मी, मामंजी आणि ही डझनभर माकडं.

"ह्यात बटाटं मोजा," मामंजी पेपराआडून म्हणाले.

"मग तुमचा काटा द्या की," मी म्हटलं. "पोरं बघतील तरी खरा तराजू कसा असतो ते."

"पोरांच्या हातात काटा देत नसत्यात."

"मग बोलू नका."

असंच असायचं आमचं. शेजारणी म्हणायच्या, सुनेचं तोंड लई चालतं. चालतं तर चालतं. मामंजींना आवडायचं माझं बोलणं, आणि मला त्यांचं. पेपर खाली ठेवून ते उठले, परसात गेले आणि खराट्यातला एक लांब हीर मोडून घेऊन आले.

"सुई आण," मला म्हणाले. "दोरा आण. औषधाच्या बाटल्यांची दोन झाकणं आण, एकसारखी."

तेवढ्यावर त्यांनी पोरांना गोल बसवलं. हीर बोटावर तोलून मध्य काढला आणि तिथं सुई आरपार घालायला गेले. हात कापतोय, सुई हिराला लागायच्या ऐवजी बोटाला लागतेय. मला बघवेना. मी पुढं होणार, एवढ्यात वैजूनं त्यांचं मनगट धरलं.

"आजोबा, तुमचा हात नाचतोय. मी धरते."

पाच वर्षांची पोर. आनंदा खोताची मुलगी, स्टँडवर त्याची पानपट्टी होती. तिनं हीर घट्ट धरला आणि मामंजींनी सुई घातली. झाकणांना भोकं पाडून दोरे ओवले, टोकांना बांधले. दोन पेले उलटे ठेवून त्यांच्यावर सुईची दोन टोकं टेकवली. हीर एका बाजूला कलला. मामंजींनी वरच्या बाजूला मेणाचा कण चिकटवला, थोडा काढला, परत लावला. हीर हळूहळू वर आला आणि आडवा थांबला.

"आता कुणी श्वास घ्यायचा न्हाई," ते म्हणाले.

सगळ्यांनी गाल फुगवले. इरफानचे डोळे बाहेर यायला लागले. मामंजींनी लांबून नुसती फुंकर घातली, तसं एक झाकण झुललं आणि परत जागेवर आलं. मी शिबिरात चार दिवस घालवले होते, पण असलं काही बघितलं नव्हतं.

"आता खरं बोलतोय," इरफान म्हणाला.

"आणि वजनं?" मी विचारलं. "वजनं कुठनं आणायची?"

मामंजींनी कमरेची बारीक किल्ली काढली आणि त्यांची लाकडी पेटी उघडली. त्या पेटीला मीसुद्धा कधी हात लावत नसे. आतून त्यांनी एक पत्र्याची डबी काढून पोरांपुढं उपडी केली. लालभडक गुंजा, प्रत्येकीला एक काळा ठिपका. पोरं आ करून बघत राहिली.

"आमचा आजा ह्याच्यावर सोनं तोलायचा," ते म्हणाले. "एकसारख्या निवडून काढलेल्या हायत. ह्यातली कुठलीबी उचला, तोल तोच."

"ही माझ्या पप्पांकडं हाय," वैजू म्हणाली. "गुंज. तिचा पाला पानात घालत्यात. गोड लागतोय."

"त्याच वेलाची ही बी."

वैजूनं गुंजेकडं बघून ओठांवरनं जीभ फिरवली. ते सगळ्यांनी बघितलं, मीही बघितलं.

मग पेटीची किल्लीच एका झाकणात ठेवली. दुसऱ्यात पोरांनी पाळीपाळीनं एकेक गुंज टाकायची. प्रत्येक गुंजेला हीर केसभर हलायचा आणि पोरं ओरडायची. शेवटची गुंज वैजूनं टाकली. हीर सरळ झाला.

"किल्ली सोन्याची हाय का?" इरफाननं विचारलं.

"तुला काय वाटतंय?"

"हाय. पिवळी हाय."

मामंजींनी पेटीतून काळा कसोटीचा दगड काढला, किल्ली उचलून त्याच्यावर घासली आणि उमटलेली रेघ इरफानच्या नाकासमोर धरली. "पितळ. घासून बघितल्याशिवाय तोंड उघडायचं न्हाई. कळलं?" किल्ली परत झाकणात ठेवली. उरलेल्या गुंजा डबीत घालून डबी कनवटीला खोचली.

मधल्या सुट्टीत मी पोरांना परसात सोडलं. दुसऱ्या दिवशी बेंदूर, बैलांचा सण. परसातल्या चिखलाचे बैल करायचं पोरांच्या अंगात आलं होतं. कुणाच्या बैलाला तीन पाय, कुणाचं शिंग कानाच्या जागी. मी हातपाय धुवायला परसातली दगडी डोणी पाण्यानं भरून ठेवली आणि भाजी निवडत बसले. पोरं आतबाहेर करत होती. कोण कधी आत आलं, मी काय पाळत ठेवून बसले नव्हते.

घरी जायच्या वेळी पोरं आत आली, तर हीर तिरका. किल्लीचं झाकण खाली, गुंजांचं वर.

"वाऱ्यानं," मी म्हटलं.

मामंजींनी कॉटवरनंच बघितलं. "वाऱ्यानं सरळ झाला असता परत. गुंजा उचलल्यात कुणीतरी."

"कुणी घेतल्या?" मी विचारलं. "घाबरायचं नाही. फक्त सांगायचं."

"वैजूनं खाल्ल्या," इरफान म्हणाला.

"तू बघितलंस?"

"तीच म्हणत होती गोड लागतात म्हणून."

वैजू गुडघ्यापर्यंत चिखलात माखून उभी होती.

"घेतल्यास तू?"

तिनं मान हलवली. घेतल्या.

"किती?"

तिनं दोन बोटं दाखवली.

"खाल्ल्यास?"

ती बोटांवरचा चिखल खरवडायला लागली.

"मग कुठं आहेत?"

"सांगायचं न्हाई."

"कधी सांगणार?"

"उद्या."

मला हसू आलं. मामंजी तर पोट धरून हसले. "खाल्ल्या तर खाल्ल्या. म्या बी ह्याच वयात गिळली होती एक. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात जशीच्या तशी. आईनं धुऊन परत डबीत टाकली."

पोरं खिदळली. आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "काय गिळलं?"

इरफानची आई होती. सरकारी दवाखान्यात नर्स, आम्ही सगळे त्यांना जमादार सिस्टरच म्हणायचो. ड्यूटी संपवून पांढऱ्या साडीतच पोराला न्यायला आल्या होत्या. मी हसत हसत सांगितलं. हातातली पिशवी त्यांनी उंबऱ्यावरच सोडली.

"गिळली का चावली?" त्यांनी विचारलं.

"कोण जाणे. का हो?"

"बाई, अख्खी गिळली तर बहुतेक वेळा निघून जाते. साल टणक असते. पण चावली तर आतलं विष आहे. एक पुरते लहान पोराला."

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणाल्या. मग वैजूकडं बघितलं. ही पोर शेंगदाणासुद्धा चघळचघळ चघळून खायची.

सिस्टर वैजूपुढं गुडघ्यावर बसल्या, तिच्या तोंडात बोट घातलं, वास घेतला, जीभ बघितली. "वैजू, चावलीस का? कडू लागलं का?"

वैजूनं तोंड घट्ट मिटून घेतलं. तिला वाटलं असणार, चोरीचा जाब विचारतायत.

"सिस्टर," मामंजी म्हणाले. ते आता हसत नव्हते. "सोनाराच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गुंजा हायत. कुणाला काय झालेलं ऐकलं न्हाई."

"चावलेली ऐकलीय का कुणी?"

"न्हाई. चावंल कशाला कोण."

"मग?"

मामंजींनी कनवटीची डबी चाचपली. "तुम्ही बघितलंय का चावून मेलेलं माणूस?"

"बघितलं नाही. शिकताना पुस्तकात होतं."

"पुस्तकात," मामंजी म्हणाले.

"आप्पा, वाद घालायची वेळ नाही ही. कधी काही तासांनी कळतं, कधी दुसऱ्या दिवशी. तोवर पोर हसतखेळत असते. एकदा उलट्या सुरू झाल्या की ह्याला उतारा नाही."

कुणीतरी स्टँडवर निरोप दिला असावा. आनंदा खोत लुना तशीच गल्लीत आडवी टाकून धावत आला, हाताला चुना लागलेला. सिस्टरनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं पोरीला उचललं. तिच्या पायाचा चिखल त्याच्या शर्टाला लागला. मग त्याची नजर त्या तराजूवर गेली, आणि मामंजींवर.

"आप्पा, पोरांच्या हातात ईख दिलासा तुम्ही?"

"आनंदा, मला ठावं असतं तर..."

"तुमचा धंदा हाय त्यो. तुम्हाला ठावं नसंल तर कुणाला असंल?"

मामंजी उठले, टोपी शोधायला लागले. "मी बी येतो."

"तुम्ही यायचं न्हाई," आनंदा म्हणाला. "माझ्या पोरीच्या आसपास दिसायचं न्हाई मला तुम्ही."

मी इतकी वर्षं त्या घरात होते. मामंजींना असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकून घेताना तर कधीच बघितलं नव्हतं. टोपी हातात घेऊन ते कॉटवर बसले. सिस्टरनी मला हाताला धरून ओढलं आणि आम्ही निघालो.

दवाखान्यात पुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. वैजूच्या नाकातून नळी घातली. मी तिचे पाय धरले होते आणि ती माझ्याकडं बघत होती, हीच का ती बाई, अशा नजरेनं. पोट धुतलं, काळं औषध पाजलं. गुंज काही निघाली नाही, आणि डॉक्टर म्हणाले, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. चावलेली असेल तर तुकडे पुढं गेले असतील. आता फक्त वाट बघायची.

तिची आई भिंतीला टेकून खाली बसली होती. मी शेजारी बसले. ती मला शिव्या घालती तर बरं झालं असतं.

"वैजू, सांग की ग, खाल्ल्यास का?" आनंदा दर थोड्या वेळानं विचारायचा. नळीनंतर तर ती कुणाशीच बोलायला तयार नव्हती. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिला ढेकर आली तरी आम्ही सगळे दचकून उठायचो.

घरी मामंजी एकटे आहेत, त्यांना कोण जेवायला घालणार, हे माझ्या डोक्यात एकदा येऊन गेलं. भाकरी केलेली होती. घेतील, म्हटलं.

सकाळी उजाडलं तेव्हा वैजू अंथरुणात उठून बसली. चेहरा उतरलेला होता, पण ताप नाही, उलटी नाही.

"आज बेंदूर हाय?" तिनं आईला विचारलं.

"हाय बाळा."

"मग बाईंना सांगते."

मी वाकले. तिनं माझ्या कानाला दोन्ही हात लावले. तिच्या तोंडाला अजून त्या काळ्या औषधाचा वास येत होता.

"परसात डोणीमागं पोतं हाय. त्याच्याखाली आजोबांचा बैल हाय. म्या केलाय. त्याला डोळं लावलेत."

"कसले डोळे?"

"गुंजंचं. आजोबांना आज द्यायचा होता. म्हणून काल सांगायचं नव्हतं."

मी आनंदाकडं बघितलं, त्याच्या बायकोकडं बघितलं. सांगितलं तेव्हा दोघांना एकदम कळलंच नाही. परत सांगावं लागलं. तिची आई रडायलाच लागली. आनंदा म्हणाला, "डोळ्यानं बघितल्याबिगार माझा इस्वास न्हाई. चला बाई."

लुनावर मागं बसून मी घरी आले. रस्त्यात लोक बैल धुवायला ओढ्याकडं नेत होते. घराचं दार सताड उघडं. मामंजी कॉटवर पडले होते, भिंतीकडं तोंड करून, अंगावर घोंगडं. रुसलेत, मी म्हटलं. रुसणारच.

"मामंजी, वैजू बरी आहे," मी तशीच परसात जाता जाता ओरडले. "तिनं खाल्ल्याच नाहीत."

घोंगडं नुसतं हललं.

डोणीमागचं पोतं उचललं. बैल होता. टीचभर पाठ, आखूड पाय, शेपटीला खराट्याचा हीर. आणि डोक्यावर दोन लाल डोळे, काळ्या बाहुल्यांचे, सरळ आमच्याकडं बघणारे. आनंदा चिखलात बसला. बैल त्यानं छातीशी धरला आणि हमसून हमसून रडला. मीही रडले. रडत रडत मला हसू येत होतं. एवढी भ्याले होते मी.

आत आल्यावर त्यानं डोळे पुसले. "बाई, दोनच घेतल्या म्हणाली नव्हं? नक्की दोन?"

"दोन बोटं दाखवली तिनं."

"पाच वर्साची पोर. तिला काय मोजता येतंय."

"येतंय. मी शिकवलंय."

तरी त्याचा चेहरा काही मोकळा होईना. म्हणून मीच म्हटलं, "थांबा, बघूया की. तराजू तसाच आहे."

कालचा तो तराजू पेल्यांवर तसाच उभा होता. किल्लीचं झाकण खाली, गुंजांचं वर. मी बैलाचे डोळे काढले, पदरानं पुसले, चिखलाचा कणसुद्धा राहू दिला नाही. एक टाकली. हीर हलला. दुसरी टाकली.

हीर हलला, वर आला आणि आडवा व्हायच्या आधीच थांबला. किल्ली अजून खालीच होती.

मी बोटानं टिचकी मारली. झुलला आणि परत तिथंच आला.

"एक कमी हाय," आनंदा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "बाई, एक कमी हाय."

दोन डोळे आणि तिसरी. तिसरी तिनं तोंडात टाकली असणार. गोड लागते का बघायला. म्हणजे अजून काही संपलं नव्हतं, आणि आम्ही इथं चिखलात बसून हसत होतो. आनंदा दाराकडं धावला. लुनाची किल्ली त्याच्या हातातून पडली, ती उचलायला वाकला.

"आनंदा, थांब," मामंजी म्हणाले. "ती एक माझी हाय."

आम्ही दोघंही वळलो. ते अजून भिंतीकडंच तोंड करून होते.

"माझी म्हणजे?" मी विचारलं.

"मी घेतली. समोर झाकणात होती, त्यातनंच."

"कशाला?"

ते कुशीवर वळले. मला त्यांचा चेहरा दिसला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. एका रात्रीत माणसाचे गाल एवढे आत जातात हे मला माहीत नव्हतं.

"चावली," ते म्हणाले. "दाढंखाली धरून, नीट बारीक करून. तुम्ही गल्लीच्या बाहेर गेलासा तेव्हाच."

"अहो पण का?"

"घासून बघितली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. मामंजी आनंदाकडं बघत होते, माझ्याकडं नाही.

"पुस्तकात हाय म्हणाल्या त्या. पुस्तकावर कसं सांगू तुला, की पोरीला काय होतंय आणि काय न्हाई? मला काय झालं नसतं, तर रात सरताच दवाखान्यात येऊन सांगितलं असतं, बाबा, झोप आता निवांत. तू येऊ देत न्हवतास तरी आलो असतो."

"आणि झालं असतं तर?" आनंदानं विचारलं.

"तर डॉक्टरला सांगता आलं असतं. आधी काय होतंय, मग काय होतंय. आधी काहीच न्हाई. दिवस मावळला तरी काही न्हाई. मला वाटलं, जिंकलो. मग पहाटं सुरू झालं." ते थांबले. "निघालो होतो सांगायला. दारापतूरच गेलो."

म्हणून दार उघडं होतं. कॉटखाली बादली होती, तिच्यावर कालचा पेपर टाकलेला. मी पेपर उचलला. नको होता उचलायला. बादलीत रक्त होतं.

मग माझं तोंड सुटलं. काय काय बोलले मी. एवढे पावसाळे बघितलेत आणि अक्कल कुठं ठेवली होती, शेजारी हाक मारायला काय धाड भरली होती, पोर तिकडं धडधाकट आणि तुम्ही इकडं. ओरडत होते आणि त्यांचे पाय चोळत होते. पाय बर्फ झाले होते.

"पोरीनं खाल्लीच न्हाई नव्हं?" त्यांनी विचारलं. "एकबी?"

"नाही हो. एकही नाही."

"मग चांगलं झालं की," ते म्हणाले. "मग रडतीस कशाला."

आनंदा तोवर तसाच उभा होता, हातात लुनाची किल्ली. तो पुढं आला आणि काही न बोलता मामंजींच्या पुढ्यात पाठ करून बसला. मी त्यांचे हात त्याच्या गळ्यात टाकले. त्यांना पाठीवर घेऊन तो गल्लीतून निघाला. रंगवलेले बैल, वाजंत्री, सगळी गर्दी बाजूला होत होती. मी मागं धावत होते. बैल माझ्या हातात होता हे मला दवाखान्यात पोचल्यावर कळलं.

मामंजींना तिथून कोल्हापूरला हलवलं. माझे मालक तिथंच येऊन भेटले, सगळे उपाय झाले, आणि मामंजी घरी परत आले नाहीत. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. पण मला सांगायचंय ते गारगोटीतल्या त्या खोलीतलं, गाडी यायची होती तेवढ्या वेळातलं.

वैजू कॉटवर पाय हलवत बसली होती, बिस्कीट खात. शेजारच्याच कॉटवर मामंजींना ठेवलं. सलाईन लावत होते. ती त्यांच्याकडं बघून हसली, काल काही झालंच नाही अशी. मग माझ्या हातातल्या बैलाकडं तिचं लक्ष गेलं.

"ह्याचं डोळं कुठं गेलं?"

आनंदा भिंतीकडं वळला.

"मी काढाय लावलं," मामंजी म्हणाले. ओठ सुकले होते, शब्द नीट फुटत नव्हते. "तोलायचं राहिलं होतं."

"मग? बरोबर भरलं का?"

त्यांनी हात पुढं केला. कापत होता. वैजू कॉटवरून उतरली, माझ्याकडचा बैल घेतला, एका हातानं त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं बैल त्यांच्या तळव्यावर ठेवला. ते बराच वेळ त्या बैलाकडं बघत राहिले.

"भरलं," ते म्हणाले. "अगदी बरोबर भरलं."

तोलाच्या बाबतीत ते खोटं बोललेले मी आयुष्यात तेवढंच एकदा ऐकलं.